जडवस्तू नोंदवहीतला प्रोजेक्टर आणि तिसरीचं वाचन

शाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे टिकाऊ सामानाची वही, वरून खाली वाचत गेलं की तिथल्या तंत्रज्ञानाचा इतिहास क्रमाने कळतो. आधी रंगीत टीव्ही आणि छतावरची छत्री. मग दोन संगणक. त्यातल्या एकाचा सीपीयू 'दुरुस्तीस पाठविला' आणि तो परत आल्याची नोंद नाही. त्यानंतर लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर, पडदा, स्पीकरची जोडी. शेऱ्याच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द: नादुरुस्त. निर्लेखनाचा, म्हणजे बाद वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव कोणी पाठवला नाही, म्हणून वस्तू कपाटात आणि कपाट वर्गात, मुलांच्या बसायच्या जागेत.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पांढरकवडा-झरी पट्ट्यातली ही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते पाचवी, तीन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६१ ते ९० पटाला तीनच शिक्षक मिळतात आणि १५० च्या वर पट असल्याशिवाय स्वतंत्र मुख्याध्यापक मिळत नाही. त्यामुळे मॅडम प्रभारी मुख्याध्यापिका, शिवाय पहिली-दुसरी त्यांच्याकडेच. शाळेतली निम्मी मुलं गावातली, घरात वऱ्हाडी बोलणारी. उरलेली निम्मी कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, ज्यांच्या घरात कोलामी चालते. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. पहिलीतलं पोर शाळेत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला वऱ्हाडी पोराहून कितीतरी लांबची असते. सकाळी गावातून कॉन्व्हेंटची व्हॅन जाते. इकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही खासगी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. दर जूनमध्ये दोन-चार पोरं त्या व्हॅनमध्ये चढतात आणि शाळेच्या पटाला धाकधूक लागते.

मी त्या काळात तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विषय साधनव्यक्ती, म्हणजे शाळांना भेटी देऊन शिक्षकांना मदत करणारा, होतो आणि ही शाळा माझ्याकडच्या शाळांपैकी एक होती. पुढचं प्रकरण मी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेसाठी मांडलं होतं, ते थोडं वाढवून इथे देतो आहे.

भिंतीवरची अक्षरं

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि पुढची दोन-तीन वर्षं राज्यभर शाळा 'डिजिटल' होण्याची लाट आली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं उदाहरण तेव्हा प्रत्येक शिक्षक परिषदेत सांगितलं जायचं. आमच्याकडेही गावोगाव वर्गणी झाली. या शाळेतही झाली, आणि दर्शनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने 'डिजिटल शाळा' असं लिहिलं गेलं. प्रोजेक्टरचा दिवा गेला तेव्हा नव्या दिव्याची किंमत ऐकून सगळे गप्प बसले. अक्षरं मात्र अजून ताजी आहेत.

ती लाट खोटी होती असं मी म्हणणार नाही. अनेक शाळांत गाव पहिल्यांदा शाळेच्या आत आलं ते त्याच वर्गणीमुळे. पण त्या वेळी सगळं नियोजन खरेदीपाशी संपत होतं. दिवा, बॅटरी, वीजबिल, बदली होऊन जाणारा शिक्षक, यांचा हिशेब कोणी मांडला नव्हता. ज्यांनी दोनशे-पाचशे रुपये दिले त्यांना ते पक्कं आठवतं. नव्या मॅडम बदलून आल्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "मागच्या टायमाले वर्गणी देल्ली होती जी आमी. थे मशीन कुठी गेलं, थे आधी दाखवा."

मॅडमनी कपाट उघडून दाखवलं. मला वाटतं, पुढचं बरंचसं काम त्या एका कृतीने सोपं केलं.

सामान येतं

त्याच वर्षी दोन गोष्टी शाळेत आल्या. एका योजनेतून भला मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटाने किंवा पेनाने चालणारा पडदा) आणि एका कंपनीच्या सामाजिक निधीतून दहा टॅब. दोन्हीपैकी काहीही शाळेने मागितलेलं नव्हतं. पॅनल लावायला आलेल्या माणसांनी तो कार्यालयाच्या भिंतीवर ठोकला, कारण कुलूप लागणारं दार तेवढंच. प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं झालं आणि त्यात पॅनलच्या पेनाचे रंग कसे बदलायचे ते शिकवलं गेलं.

पहिले काही आठवडे पॅनल म्हणजे यूट्यूब. तरुण सर उत्साही, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. कविता लागली की पोरं हातवारे करून म्हणायची, उपस्थिती बरी दिसायची, भेटीला येणारे साहेब खूश व्हायचे. मॅडमना एक गोष्ट खटकली. तिसरीतली एक मुलगी पॅनलसमोर अख्खी कविता म्हणायची. तीच कविता पुस्तकात उघडून पुढे ठेवली तर तिचं बोट पहिल्या ओळीवर थांबायचं. मग मॅडमनी तिसरी-चौथीतल्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला लावलं. पद्धत 'असर'च्या, म्हणजे मुलांना वाचता येतं का ते तपासणाऱ्या, पाहणीमुळे सगळ्यांना माहीत असलेली: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. बरीच मुलं शब्दापाशी अडकलेली निघाली. पोडावरची काही तर अक्षरापाशी.

आमच्याकडे तंत्रज्ञानाचा आराखडा म्हटलं की यादी असते: काय आलं, काय हवं, किती लागेल. मॅडमनी आराखडा एका पानावर लिहिला आणि त्यात वस्तूंचं नाव दुसऱ्या परिच्छेदात आलं. पहिल्या परिच्छेदात होतं की तिसरी-चौथीतल्या ज्या मुलांना सोपा परिच्छेद वाचता येत नाही, त्यांना होळीपर्यंत तो वाचता यावा. बाकी सगळं याला लागेल तेवढंच.

काय वगळलं तेही त्या पानावर होतं. इंग्रजीची ॲप नाहीत, पाचवीचं कोडिंग नाही, संगणक कक्ष नाही. समितीत यावर चांगलीच खडाजंगी झाली. एका पालकाचं म्हणणं असं, "कॉन्व्हेंटच्या पोट्ट्याइले कम्प्युटर शिकवतेत मॅडम. आपल्या पोट्ट्याइनं काय नुसतं वाचतच राहाचं काय?" मॅडम म्हणाल्या, "भाऊ, कम्प्युटरवरही वाचावंच लागते. वाचता आलं नाही तर थो टीव्हीच आहे." मॅडम मूळच्या अमरावतीकडच्या, असं बोलतात तेव्हा लोक ऐकतात. तरी त्या पालकाचं समाधान झालं नाही आणि पुढच्या जूनमध्ये त्याचा मुलगा व्हॅनमध्ये गेला, हे लिहिलंच पाहिजे.

वीज

या भागावर मी जास्त जागा घालवणार आहे, कारण शिक्षण परिषदांत यावर कोणी बोलत नाही.

शाळेला वीज आहे. पण पावसाळ्यात वादळ आलं की तासन् तास नसते, संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं आणि विजा कडाडल्या की प्लग काढावा लागतो. पॅनलचा पॉवर सप्लाय पहिल्याच जुलैत जळाला तो त्यामुळेच. दुरुस्ती वॉरंटीत झाली, पण माणूस यायला पोळा उजाडला. मॅडमनी त्यानंतर दोन कामं केली: अर्थिंग नव्याने करून घेतलं आणि शेवटच्या तासाला सगळे प्लग काढायचं काम पाचवीच्या मुलांना पाळीने दिलं.

इन्व्हर्टर घ्यायचा तर त्यावर काय चालवायचं, हा हिशेब फळ्यावर मांडला गेला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मे ते दोन तृतीयांश वापरायचे. पॅनल दीडशे-दोनशे वॉट खातो. छताचा साधा पंखा पाऊणशे वॉटचा. टॅबचा चार्जर दहा वॉटचा. म्हणजे दहाही टॅब एकदम लावले तरी शंभर वॉट. आकडे समोर आल्यावर निर्णय पाचवीच्या मुलांनीच सांगितला: इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि टॅब, पॅनल फक्त लाइन असेल तेव्हा. मार्च-एप्रिलमध्ये इथे पंख्याशिवाय वर्गात बसता येत नाही. पंखा बंद ठेवून पॅनल चालवायचा हा हट्ट मी दुसऱ्या शाळेत पाहिला आहे. घामाने भिजलेली पोरं पडद्याकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात.

टॅब रात्रभर चार्जिंगला लावायचे नाहीत असं ठरलं. शाळा साडेदहाला भरली की परिपाठ होईपर्यंत आणि पुढच्या तासाला चार्जिंग, मग वापर. उन्हाळ्याच्या सुट्टीचा प्रश्न वेगळा. विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांनंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि टिनाच्या छताखालच्या बंद खोलीत त्याहून वाईट. लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण रिकामं पडून राहणं, दोन्ही सोसत नाही. पहिल्या उन्हाळ्यात कपाटात राहिलेल्या एका टॅबची बॅटरी फुगून काच उचकटली. दुसऱ्या वर्षी निम्मं चार्जिंग ठेवून टॅब मॅडमच्या घरच्या लाकडी कपाटात गेले, नोंदवहीत तशी नोंद आणि समितीच्या अध्यक्षांची सही घेऊन. नियमात बसतं का, असं केंद्रप्रमुखांनी विचारलं होतं. ठराव दाखवल्यावर त्यांनी पुढे काही म्हटलं नाही.

पैसा

समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाच्या निकषात ३१ ते १०० पटाला २५ हजार रुपये वर्षाला. ते हप्त्याने येतात, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात, आणि खडू, झाडू, रंगरंगोटी, नळदुरुस्ती सगळं त्यातूनच. इन्व्हर्टर-बॅटरी त्यात बसत नव्हती. पुन्हा वर्गणी मागायची नाही, यावर मॅडम ठाम होत्या; पोडातून तर मुळीच नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतून तरतूद करून घ्यायची तर ग्रामसभेत विषय यावा लागतो. तो आणला अध्यक्षांनी, तेच, ज्यांनी आधी मशीन कुठी गेलं म्हणून विचारलं होतं. दरपत्रकं, ठराव, उपयोगिता प्रमाणपत्र यांत दिवाळी गेली. बॅटरी नाताळच्या आसपास बसली.

दोन सर आणि एक तासिका

ज्येष्ठ सर निवृत्तीला टेकलेले. चौथी-पाचवीचं गणित चिंचोक्यांवर शिकवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. पॅनलला त्यांनी बोट लावलं नव्हतं. प्रशिक्षणात अशा शिक्षकांना 'विरोध करणारे' म्हणायची पद्धत आहे, आणि मग त्यांना बदलवण्याच्या युक्त्या शिकवल्या जातात. मॅडमनी त्यांना बदलवलं नाही. सर्वांत चांगला कान कोणाचा, एवढंच पाहिलं. मूल वाचताना नेमकं कुठे अडखळतं, जोडाक्षरावर की वेलांटीवर की अर्थच कळत नाही म्हणून, हे सरांना ऐकताक्षणी कळायचं.

मग तासिका अशी बसली. दुपारच्या सुट्टीनंतर चाळीस मिनिटं तिसरी-चौथीची मुलं इयत्तेप्रमाणे न बसता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसायची. एक गट टॅबवर, एका टॅबला दोन मुलं. दुसरा गट गोष्टीच्या पुस्तकांवर. तिसऱ्या, सर्वांत लहान गटाला ज्येष्ठ सर एकेक करून ऐकायचे. टॅब शिकवत होते का? थोडंफार. पण तीन शिक्षक आणि पाच वर्ग असलेल्या शाळेत त्यांनी जे खरं दिलं, ते म्हणजे वीस पोरं आपापल्या कामात असताना एका शिक्षकाला दोन-तीन पोरांसोबत मिळालेला निवांत वेळ. बहुवर्ग अध्यापनात तेवढंच दुर्मीळ असतं. मी तेव्हापासून कोणत्याही शाळेत कोणतंही यंत्र पाहिलं की पहिला प्रश्न हाच विचारतो: यामुळे शिक्षकाची किती मिनिटं मोकळी झाली आणि ती कोणाला मिळाली?

एका टॅबला दोन मुलं, हे टंचाईमुळे झालं, पण त्यात तोटा नव्हता. बडोद्याच्या महापालिका शाळांत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चौथीच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता; अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेसोबत तपासला. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं, त्यांच्या पातळीनुसार गणिताचे खेळ. गणिताचे गुण स्पष्ट वाढले. भाषेत काही वाढ दिसली नाही, आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात गणितातला बराचसा फायदा ओसरला. याच्या उलट, पेरूमध्ये शेकडो ग्रामीण शाळांत प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला गेला. २०१२ च्या अहवालात गणित किंवा भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. त्याच लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावी झाला होता. यंत्र हातात देणं आणि पातळीनुसार काम देणं यात किती अंतर आहे, ते या दोन अभ्यासांत दिसतं. मॅडमनी हे अभ्यास वाचले नव्हते; मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे बंद केलं की ओसरते. मग शिमग्यानंतरही चालूच ठेवावं लागन."

टॅबवर होतं काय? एक, मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून दुरुस्ती सांगतं, असं गुगलचं 'रीड अलाँग'; एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. दोन, 'दीक्षा' या सरकारी ॲपमधलं पाठ्यपुस्तकाशी जोडलेलं साहित्य. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, पण पोडाजवळ रेंज नसल्यामुळे ते स्कॅन करून काही उघडत नाही. म्हणून तरुण सर शनिवारी तालुक्याला गेले की पुढच्या आठवड्याचे पाठ उतरवून आणायचे. तीन, 'जीकॉम्प्री' नावाचा मोफत खेळसंच, त्यातले मोजकेच खेळ.

'रीड अलाँग'ने एक गंमत केली. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळं म्हणजे केयं. कोलामी पोरांचे उच्चार आणखी निराळे. ॲप कधी अडून बसायचं, कधी भलतंच स्वीकारायचं. त्यात दहा टॅब एका खोलीत म्हणजे माइकला सगळ्यांचंच ऐकू जायचं. गट व्हरांड्यात आणि कडुनिंबाखाली पांगवले. आणि जोडीतल्या दुसऱ्या मुलाला काम दिलं: पुस्तकात बोट ठेवून ऐकायचं आणि बरोबर की चूक ते सांगायचं. ॲप आणि जोडीदार यांचं जमलं नाही तर सरांकडे जायचं. लाल खूण आली म्हणून कोणाला चुकीचं ठरवायचं नाही, हे सरांनी मुलांच्या मनावर बिंबवलं.

तरुण सर या सगळ्यात दुखावले होते. पॅनल त्यांचा. एका दुपारी ते स्पष्ट बोलले, "मॅडम, एवढी महागाची वस्तू आली आहे आणि आपण ती वापरायचीच नाही का?" मॅडम म्हणाल्या, "वापरा ना सर. फक्त पॅनल लावायच्या आधी फळ्यावर एक प्रश्न लिहा. व्हिडिओ संपला की पोरांनी त्याचं उत्तर वहीत लिहायचं. प्रश्न सुचला नाही त्या दिवशी पॅनल बंद." सरांनी आठवडाभर तोंड फुगवलं. मग प्रश्न लिहू लागले, आणि दहा मिनिटांत संपणारे तुकडे शोधू लागले. पावसाचं चक्र, कापसाच्या बोंडातली गुलाबी अळी, नकाशातला पैनगंगेचा प्रवास, अशा गोष्टींना पॅनलसारखं दुसरं साधन नाही, हेही खरं.

वेचणीचे महिने

आराखड्याला सर्वांत मोठा फटका बसला तो कापसाने. दसऱ्याच्या आगेमागे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होते आणि वेचणी सुरू होते. आई-बाप शेतात, मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी किंवा धुऱ्यावर. डिसेंबर-जानेवारीत दुपारच्या तासिकेला निम्मा गट गायब. नेमकी ज्यांना गरज तीच पोरं नाहीत.

टॅब घरी द्यावेत का, यावर समितीत वाद झाला. फुटले तर भरायचे कोणी? देणाऱ्या कंपनीच्या पत्रात शाळेच्या आवारात वापर, असं लिहिलेलं. व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायचा तर फोन बापाच्या खिशात शेतात आणि रिचार्ज संपलेला. कोविडच्या काळात हा धडा सगळ्यांनी घेतला होता. तेव्हा इथल्या पोरांपर्यंत पोचलं ते दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरचं 'टिलीमिली' आणि आकाशवाणी नागपूरवरचं 'शाळेबाहेरची शाळा', म्हणजे जुनीच साधनं. शेवटी पोडावरच्या समाजमंदिरात संध्याकाळी पाच टॅब न्यायचे असं ठरलं. पोडातलीच बारावी झालेली एक मुलगी सही करून टॅब नेणार, सकाळी परत आणणार. काही आठवडे छान चाललं. मग तिचंही वेचणीचं काम वाढलं आणि ते थंडावलं. तिला मानधन देण्याची सोय खर्चाच्या कोणत्याच शीर्षाखाली सापडली नाही. मला या प्रकरणात सर्वांत जास्त हळहळ याची वाटते. यंत्रांसाठी निधी मिळाला, माणसासाठी मिळाला नाही.

पोडातल्या गोष्टी

तान्ह्या पोळ्याला पोरांनी आपापल्या लाकडी बैलांचे फोटो टॅबवर काढले आणि प्रत्येकाने खाली चार ओळी लिहिल्या. तिथून पाचवीतल्या दोन कोलाम मुलांनी पुढची कल्पना काढली: आजोबांची गोष्ट रेकॉर्ड करायची. कोलामीत ऐकायची, देवनागरीत जशीच्या तशी लिहायची, मग मराठीत लिहायची. अशा काही गोष्टी जमल्या आणि तिसरीच्या वाचनगटात त्याच वाचल्या जाऊ लागल्या. पोडावरच्या मुलांना ओळखीची गोष्ट वाचताना पुढचा शब्द अंदाजाने येतो. अडखळणं कमी झालं ते इथे सर्वांत ठळक दिसलं. गावातली पोरं उलट त्यांना अर्थ विचारू लागली.

प्रशिक्षणांत रुबेन प्वेन्तेदुरांची चार पायऱ्यांची शिडी दाखवतात: जुन्या साधनाच्या जागी नवं, मग त्यात थोडी भर, मग कामाचं स्वरूप बदलणं, शेवटी पूर्वी शक्यच नव्हतं असं काम. त्या हिशेबात ही चौथी पायरी. पण सरांची वाचनतासिका, जी मुलांच्या जास्त कामी आली, ती कशीबशी दुसरी पायरी ठरेल. शिडीच्या वरच्या टोकाला बसलं म्हणजे जास्त शहाणं, हा समज त्या चित्रातून उगाच पसरतो.

तरुण सरांना या गोष्टी यूट्यूबवर टाकायच्या होत्या. पोडातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला मॅडम स्वतः गेल्या. काहींनी हो म्हटलं, एका आजोबांनी शाळेत ठेवा पण बाहेर देऊ नका असं सांगितलं. त्यानंतर समितीने ठराव केला की मुलांचे चेहरे आणि नावं एकत्र कुठेही टाकायची नाहीत आणि कोणतंही रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. रोजच्या अहवालासाठी ग्रुपवर मुलांचे फोटो मागणाऱ्या आमच्या यंत्रणेनेही हा ठराव वाचायला हरकत नाही.

होळीनंतर

पुन्हा एकेकाला बसवून वाचून घेतलं. शब्दापाशी अडकलेल्यांपैकी बहुतेक परिच्छेदापर्यंत आले होते. अक्षरापाशी असलेले शब्दांपर्यंत आले, पुढे नाही. जी मुलं वेचणीच्या महिन्यांत आली नाहीत त्यांच्यात फरक जवळजवळ नाही. गणितात काही बदल दिसला नाही आणि दिसायचं कारणही नव्हतं. मॅडमनी समितीला हे सगळं असंच वाचून दाखवलं. टॅबपैकी एक बॅटरी फुगून गेला होता, एकाची काच फुटली. दोन्हींचे निर्लेखन प्रस्ताव, जुन्या प्रोजेक्टरसकट, त्याच महिन्यात पंचायत समितीला गेले. वर्गातलं कपाट रिकामं झालं आणि तिथे गोष्टींच्या पुस्तकांची मांडणी झाली.

त्याच सुमारास बदल्यांचं पोर्टल उघडलं. आमच्याकडे शिक्षक बदलून गेला की त्याच्याबरोबर शाळेची अर्धी यंत्रणा जाते: यूडायस, सरल या शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलांचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, टॅबचं गुगल खातं त्याच्याच नावाचं. मॅडम स्वतः रुजू झाल्या तेव्हा आधीच्या गुरुजींना फोन करून ओटीपी मागण्यात त्यांचा पहिला महिना गेला होता. म्हणून या वेळी खातं शाळेच्या नावाचं, पासवर्ड कुलूपबंद नोंदवहीत, आणि तरुण सरांनी मराठीत लिहिलेलं सहा पानांचं टिपण: कोणता पाठ कुठून उतरवायचा, कोणतं ॲप अपडेट केलं की अडतं, बॅटरीत पाणी कधी घालायचं. सर खरंच बदलून गेले. ते टिपण मी नंतर तीन शाळांना झेरॉक्स करून दिलं.

आता अडचण दुसरी आहे. व्हॅनमुळे आणि स्थलांतरामुळे पट घसरतो आहे. तो साठच्या आत गेला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, तिसरं पद टिकणं कठीण. ज्येष्ठ सर निवृत्त झाले की त्यांच्या जागी कोणी येईलच असं नाही. मॅडमनी दोन शिक्षकांचं वेळापत्रक पेन्सिलने करून ठेवलं आहे. त्यात पॅनलचे तास निम्म्यावर आले आहेत. दुपारची चाळीस मिनिटांची तासिका तशीच आहे, फक्त एकेकाला ऐकण्याच्या जागी सरांऐवजी मॅडमचं नाव आहे, आणि त्या वेळी पहिली-दुसरीला कोण बघणार तो रकाना अजून कोरा आहे. पाचवीतल्या मुलांच्या जोड्या लावून बघू, असं त्या परवा फोनवर म्हणाल्या. तोवर शाळेत निरोप गेला आहे की पोडावरच्या त्या बारावी झालेल्या मुलीला ग्रामसभेच्या आधी भेटायला बोलवा.